जळक्या कोपऱ्याचा गालिचा

बुधवार, ७ मार्च

कीफा शहराची गाडी दुपारच्या नमाजानंतर आली. आलं ते असं. साखर पाच किलो, पंधराशे उगिया. हिरवा चहा अर्ध्या किलोचा पुडा, नऊशे. तांदूळ दहा किलो, अठ्ठावीसशे. सुका पुदिना दीडशेचा. खजूर दोन किलो, चौदाशे. त्यातले निम्मे किडके, आणि ड्रायव्हर म्हणतो वाटेत उन्हानं झाले. बोकड एक, पंधरा हजार. बोकडाचं भाडं वेगळं पाचशे, जणू खिडकीशी बसून आला. एकूण बावीस हजार दोनशे पन्नास.

एवढं मी ईदलाही कधी खर्च केलं नाही. ह्यांनी वही पाहिली आणि हातातली जपमाळ थांबली.

“कोण येतंय?”

“राजधानीचे मोजणीवाले.”

“ते गावप्रमुखाकडे उतरतात.”

“मी निरोप धाडलाय. आमच्याकडे उतरा म्हणून.”

हे आमच्या गावच्या, तिन्वैशच्या मशिदीत बांग देतात. आवाज मोठा पण माणूस हळू. बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “त्यांच्यात देदाह आहे का?”

“आहे.”

“नबगूहा, अल्लाला घाबर.”

घाबरतेच. म्हणून तर सहा वर्षं थांबले. सहा वर्षांपूर्वी हाच देदाह कागद घेऊन आमच्या वस्तीत घरोघर फिरला, आणि त्याच्या कागदावरून वर ठरलं की आमची वस्ती आपल्या पायांवर उभी राहू शकते. स्वस्त बाजरीचं कोठार बंद झालं. त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीची, तस्लेमची, लाला गेली. दोन वर्षांची होती. साधा ताप, पण अंगात त्याला तोंड द्यायला काही उरलं नव्हतं. तस्लेम राजधानीत निघून गेली. दर ईदला मी पत्र लिहिते, तिचं एक ओळीचं उत्तर नाही. दुःखानं माणसाची वाचा बसते, दुसरं काय.

पाहुण्याला तीन दिवस धक्का लावायचा नसतो. मग तो वैरी असला तरी. चौथा दिवस माझा.

गुरुवार, ८ मार्च

अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या बांगेला गाडी दारात. दोघंच. देदाह, आणि त्याची वरिष्ठ बाई सौसन. ती ट्यूनिसची. पँट घालते, पण आत येताना चपला स्वतःहून काढल्या, मला बरं वाटलं.

देदाह वाळलाय. दाढी पांढरी झाली. अजून पन्नाशी नसेल. मान खाली घालून म्हणाला, “सलाम, खाला. तब्येत कशी? घरचे कसे? जनावरं कशी?”

“अल्हम्दुलिल्लाह. तुझी वाटच पाहत होते.” हे मी खरंच म्हणाले, आणि हसूनही म्हणाले.

माझा लग्नातला लाल गालिचा अंथरला होता. देदाह बरोबर जळक्या कोपऱ्याशी बसला. पहिल्या बाळंतपणात शेगडीतला निखारा उडून तळहाताएवढा डाग पडलाय, तिथे. बोलता बोलता त्या डागावरून हात फिरवत होता. हात पुसत असेल. याच्या आईनं काही शिकवलेलं दिसत नाही.

बोकड कापला. कलेजी त्याच्या पानात मी स्वतः वाढली. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “खा रे बाबा, लाजू नकोस, आपलंच घर.”

तीन ग्लास चहा झाला, तिन्हींना फेस चांगला आला. पहिला दिवस.

शुक्रवार, ९ मार्च

सकाळी सौसनला विचारलं, या वेळी मोजता तरी काय. ती सरळ बोलते, शाळेतल्या बाईसारखी. म्हणाली, “तुम्ही किती गरीब आहात एवढंच नाही, खाला. धक्का बसला तर किती लवकर पडाल, ते. एका वर्षी पाऊस नाही आला, परदेशात गव्हाचा भाव दुप्पट झाला, तर कोण पडेल? घरांवरून गावाचा आकडा, गावांवरून देशाचा. मग सगळे देश एका यादीत. मदत देणारे ती यादी बघतात.”

“म्हणजे तंबूसारखं,” मी म्हटलं. “कापड जुनं की नवं ते बघत नाही. दोऱ्या किती ते बघता.”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्ही किती शिकलात?”

“शाळेची शेवटची परीक्षा पास आहे. या वस्तीत मी एकटीच.” सांगितलं, त्यात गर्व नव्हता. थोडा होता. अल्ला माफ करो.

आजपासून घरं सुरू. चौदा घरं. पाहुण्याला उघड्या जमिनीवर कसं बसवणार, म्हणून गालिचा, पितळी तबक आणि चहाची किटली मागच्या बोळातून पुढच्या घरी जातात, पाहुणे पुढच्या रस्त्यानं येतात. दाराशी एक दुभती शेळी बांधलेली हवी, तीही माझीच जाते. यात नवीन काही नाही, आमच्याकडे लग्न, मयत, जावई, सगळ्याला असंच चालतं. मागच्या मोजणीलाही असंच झालं होतं. तस्लेमच्या घरी तर मीच गालिचा नेला होता, तिची चटई फाटून तिच्यातून वाळू वर येत होती. माझ्या बहिणीला कोणी कमी लेखावं हे मला कधी खपलं नाही.

फरक एवढाच की या वेळी मी मोजतेय.

सलकाच्या घरी देदाहनं विचारलं, “गालिचा आपलाच?”

“मग काय तुझ्या बापाचा?” सलका म्हणाली. “माझ्या आजीच्या वेळचा आहे. मोरोक्कोहून उंटावर आला.”

“आणि शेळी?”

“शेळी इथलीच. ती कुठून उंटावर येईल!”

सगळ्या बायका हसल्या. देदाहनं हातातल्या यंत्रावर बोट ठेवलं. आता कागद नाही, हाताएवढं यंत्र आहे; चौकोनात आकडा घालायचा, झालं. गालिचा एक. शेळी एक. आज पाच घरं, पाच गालिचे. लिही बाबा. जितके लिहिशील तितका खोल जाशील.

शनिवार, १० मार्च

आणखी सहा घरं. अकरा गालिचे झाले. शेळी आता शहाणी झालीय, न ओढता आपणच पुढच्या दारात जाऊन उभी राहते.

दुपारी देदाह एकटा होता. मी चहा मांडला आणि सौसनच्या रीतीनं त्याचीच मोजणी केली. गरीब आहे का? नाही, पगार चांगला आहे. पण दोऱ्या किती? हळूहळू विचारत गेले. नोकरी कायमची नाही, दर जूनला नवा करार होतो. करारावर सही एकट्या सौसनची. आई राजधानीत, नुआकशोतला, अंथरुणावर, तिचं औषध फ्रान्सहून येतं. तीन मुली, थोरलीचं लग्न रमजाननंतर. भाऊ नाही. जमीन नाही. जनावरं दुष्काळात गेली.

एकच दोरी. सौसनची सही. एवढ्या मोठ्या माणसाचा तंबू एका दोरीवर उभा! मी दुसरा ग्लास ओतला.

“तुझी धाकटी किती वर्षांची?” मी विचारलं.

“आठ.”

“लाला आज आठचीच असती.”

त्यानं ग्लास खाली ठेवला. काहीतरी बोलणार होता. मी म्हटलं, “पी, पी. थंड होईल.” अजून एक दिवस शिल्लक होता, त्याला बोलू देऊन मला माझा राग निम्मा करून घ्यायचा नव्हता.

संध्याकाळी हे म्हणाले, “सूड घेणं तुझा हक्क असेल. पण सोडून देणाऱ्याचं मोल अल्लाकडे जास्त आहे.”

“ते मोल लालाच्या आईला विचारा.”

“तिला तू तरी विचारलंस का?”

कसं विचारणार? ती लिहीत नाही. हे कधी कधी अगदी अर्थ नसलेलं बोलतात.

रविवार, ११ मार्च

झालं. सगळं क्रमानं लिहून ठेवते.

सकाळी उरलेली तीन घरं झाली. चौदा गालिचे, चौदा तबकं, चौदा शेळ्या. अस्रची बांग ह्यांनी दिली, तेव्हा तीन दिवस पूर्ण झाले. मी नमाज पढले. चांगली सावकाश पढले. मग गालिचा खांद्यावर टाकला, मशिदीपुढच्या चौकात नेऊन पसरला, त्यावर तबक ठेवलं, किटली ठेवली, शेळी खुंटीला बांधली. बायकांना हाक मारली. सौसनला हाताला धरून आणलं.

“बाई,” मी म्हटलं, “यंत्रात बघा. आमच्या वस्तीत गालिचे किती?”

“चौदा.”

“हे बघा चौदाच्या चौदा.” आणि जळका कोपरा उलटून दाखवला. “शेळ्याही याच. मोजा हवं तर. हा माणूस या एका गालिच्यावर चौदा वेळा बसला आणि चौदा लिहून मोकळा झाला. सहा वर्षांपूर्वीही याच्यावरच बसला होता. त्या आकड्यानं कोठार बंद केलं. त्या आकड्यानं माझ्या बहिणीचं लेकरू खाल्लं. याच्या हातचे आकडे घेऊन तुम्ही देशादेशांची यादी करता?”

बायकांनी माना फिरवल्या. सलकाचा चेहरा तिच्या निळ्या मलहफ्याच्या पदरात गेला. मला वाटलं होतं त्या माझ्या मागे उभ्या राहतील.

सौसन पांढरी पडली. “देदाह, तुम्हाला कळलं नाही?”

त्यानं मला विचारलं, “खाला, तीन दिवस पुरे झाले?”

“बांगेला पुरे झाले.”

“मला वाटलंच होतं. कलेजी वाढलीत तेव्हाच.” मग सौसनला म्हणाला, “कळलं होतं. पण घरची बाई आपलं म्हणते, तिच्यासमोर तिचाच चहा पीत तिला खोटी कसं पाडू? मागच्या वेळी निदान कागदाला समास होता. या यंत्राला समासच नाही.”

काय बरळला कोण जाणे. समास म्हणे! सौसन मात्र खवळली. “कळूनही घातलंत? तीन दिवस?” यंत्र त्याच्या हातातून काढून घेतलं, सगळ्यांदेखत. म्हणाली, अहवाल आजच जाईल, जूनची वाट बघायची गरज नाही.

सिमेंटच्या ट्रकवर बसून देदाह दिवस मावळायच्या, मगरिबच्या आधी गेला. जाताना गालिचा गुंडाळून माझ्या दाराशी ठेवून गेला, जळका कोपरा आत घेऊन.

लाला, पोरी, घेतला गं तुझा सूड. बहिणीला आजच लिहायला बसले होते, पण पहिल्या ओळीपुढे हात गेला नाही. दमले असेन.

सोमवार, १२ मार्च

सौसननं चौदा घरं पुन्हा एकटीनं पाहिली. गालिच्याशिवाय. सलकानं तिला दारात उभीच ठेवली, बसायला सांगितलं नाही. जन्मात पहिल्यांदा सलकानं पाहुण्याला उभं ठेवलं.

सौसन दुपारी गेली. गालिच्याबद्दल एकच प्रश्न विचारून गेली. “मागच्या वेळी तुमच्या बहिणीच्या घरी हा कोणी नेला होता?” मी म्हटलं, “मी. मग कोण नेणार?” ती मान हलवून गाडीत बसली.

शुक्रवार, १६ मार्च

विहिरीवर माझ्याशी कोणी बोलत नाही. मीठ संपलं म्हणून सलकाकडे नातीला पाठवलं, तर उत्तर आलं, “तुझ्या आजीला सांग, आमच्याकडे काही नाही. हवं तर चौकात येऊन सांगू.”

मी कुणाचं खोटं सांगितलं का? माझाच गालिचा, माझंच तबक. उघडं पाडायचं होतं एका माणसाला. बाकीच्यांनी मध्ये का यावं?

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, “कुसकुसला मीठ कमी आहे.” मी म्हटलं, “मीठ नाही घरात.” म्हणाले, “तेच म्हणतोय.”

बुधवार, २१ मार्च

गाडीनं सौसनचं जाड पाकीट आणलं. ते दोनदा वाचलं. आता जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या मी माझ्याच सोयीचं आठवणार नाही.

तिनं कीफाच्या ऑफिसातून सहा वर्षांपूर्वीचे कागद शोधून काढले. तेव्हा आमच्याकडे अकरा घरं मोजली होती. अकराही कागदांवर चौकोनात लिहिलंय, गालिचा एक. आणि बाजूला समासात देदाहच्या बारीक अक्षरात, अकरा वेळा: तोच गालिचा, जळका कोपरा. धरू नये. राजधानीत बेरीज करणाऱ्यांनी फक्त चौकोन उतरवून घेतले. समासासाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता.

नवव्या घराच्या कागदाची नक्कल तिनं सोबत जोडलीय. ते तस्लेमचं घर. शेवटी एक प्रश्न असतो, घरात कशाची कमतरता आहे, बाईच्या शब्दांत लिहा. तिथे लिहिलंय:

“माझ्या बहिणीला काही कमी नाही. हे थोरल्या बहिणीने सांगितले. घरची बाई काही बोलली नाही.”

आणि समासात: मूल फार अशक्त दिसते. हे वर कळवावे.

त्यानं सगळं लिहून ठेवलं होतं. आणि मी त्याला चहा पी म्हणत राहिले, शनिवारी तो बोलायला तोंड उघडत होता तेव्हा.

सौसन लिहिते की ती अहवाल मागे घ्यायला बघतेय, पण एकदा वर गेलेला कागद खाली यायला वेळ लागतो. तुमचा जबाब लेखी दिलात तर मदत होईल, असंही लिहिते. आजच लिहिला, चार पानं. बेरीज करणाऱ्यांना त्यात जे म्हणायचं ते म्हटलंय, नाव माहीत नाही म्हणून नाव नाही घातलं, माहीत असतं तर घातलं असतं. त्यांना मी सोडलेलं नाही. देदाहच्या आईच्या औषधासाठी काही पाठवावं असं मनात आलं, पण तो ते घेईल का, आणि मी कोणत्या तोंडानं देऊ.

मला तो दिवस आठवतो. तस्लेम चुलीशी बसली होती, लाला मांडीवर. मी गालिच्यावर पाहुण्यांपुढे चहा ओतत होते. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. सहा वर्षं मला फक्त चहा आठवत होता.

सौसनला मी सांगितलेली ती दोऱ्यांची गोष्ट. तस्लेमला दोनच दोऱ्या होत्या, कोठार आणि मी.

सोमवार, २६ मार्च

सलकाकडे गेले. दारात उभी राहिले, बस म्हणेना. मी म्हटलं, “सलका, तुझी लाज मी चौकात पसरली. माझीच पसरायची होती.” ती म्हणाली, “मोठी आली शहाणी. आत ये, मीठ घेऊन जा, बिनमिठाचं खाऊन तुझा नवरा बांग हळू द्यायला लागलाय.”

मीठ एक वाटी, आणली. परत करायची आहे.

बुधवार, २८ मार्च

तस्लेमला आजच्या गाडीनं पाठवलेलं पत्र. नक्कल इथे ठेवते.

“तस्लेम,

मागच्या सहा वर्षांची माझी पत्रं फाडली असशील तर बरं केलंस. त्यांत मी देदाहला शिव्या दिल्या आणि तुला धीर दिला. शिव्या त्याच्या नव्हत्या आणि धीर द्यायचा हक्क माझा नव्हता.

त्याचा कागद मी पाहिला. तू काही बोलली नाहीस असं त्यात लिहिलंय. का बोलली नाहीस हे लिहिलेलं नाही, पण ते मला ठाऊक आहे, तुलाही आहे. त्या माणसाची नोकरी मी घालवली. परत मिळावी म्हणून धडपडतेय. तू दोष देणार असशील तर त्याला देऊ नकोस.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते सहज लिहिता येतं. मी तुझ्याकडे येऊ म्हणते. तीन दिवस तुझी पाहुणी म्हणून राहीन, रीत आहे तेवढे, आणि ते तीन दिवस तू मला काही बोलू नकोस. चौथ्या दिवशी अस्रची बांग झाली की तुला जे बोलायचं असेल ते बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही. डोळ्यांनीही गप्प करणार नाही.

माझ्यासाठी अंथरायला शेजारून काही मागून आणू नकोस. मी जमिनीवर बसेन. चहालाही साखर नसली तर चालेल.

यावं की येऊ नये, एवढंच या गाडीच्या उलट टपालानं कळव.

तुझी बहीण,
नबगूहा”